काचेची पेटी नाही मिळाली म्हणून काय झालं?

मागच्या जानेवारीत चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात गेलो होतो. घरात आठ दिवसांची बाळंतीण, बाळ जन्मताना १ किलो ९०० ग्रॅम, आणि आजीचं एकच टुमणं, "पोरले पेटीमा ठेवाले पाहिजे व्हतं". दवाखान्यात काचेची पेटी (बाळाला ऊब देणारं इनक्युबेटर) रिकामी नव्हती म्हणून आपल्या नातीवर अन्याय झाला असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पेटी म्हणजे भारी उपचार, हा समज आपल्याकडं सगळीकडंच आहे. आजारी बाळाला, श्वासाचा त्रास असेल त्याला मशीन लागतातच, पण नुसतं कमी वजनाचं बाळ (अडीच किलोच्या खालचं) असेल आणि बाकी ठीक असेल तर त्याला मुख्यतः तीन गोष्टी लागतात, ऊब, दूध आणि स्वच्छता.

त्यातली ऊब ही माझी आवडती भानगड.

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, स्नायू हलतात, उष्णता तयार होते. नवजात बाळाला हे जवळपास जमतच नाही. त्याच्याकडं दुसरी सोय असते, तपकिरी चरबी. दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर, मानेपाशी, किडन्यांभोवती असते. तपकिरी का, तर तिच्या पेशींत तंतुकणिका ठासून भरलेल्या असतात आणि त्यांत लोह असतं. तंतुकणिका म्हणजे शाळेत वाचलेलं पेशीचं पॉवरहाऊस. आता हतनूर धरण डोळ्यासमोर आणा. अन्न जाळून तंतुकणिका एका पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते, जसं भिंतीमागं पाणी. ते प्रोटॉन एका टर्बाईनसारख्या प्रथिनातून परत येताना एटीपी बनतं, म्हणजे पेशीचा चलनी पैसा. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचं वेगळंच दार असतं. थंडी लागली की मज्जातंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन सुटतं, चरबी फुटते, दार उघडतं आणि प्रोटॉन टर्बाईनला बगल देऊन सरळ खाली. एटीपी नाही, सगळी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर! फुकट घालवल्यासारखी, पण बाळ जगतं ते त्याच्यावर.

अडचण अशी की ही चरबी पोटात शेवटच्या महिन्यांत साठते, त्यामुळं दिवसाआधी आलेल्या बाळाकडं ती कमी, आणि ती जाळायला ऑक्सिजन आणि साखर लागते. म्हणून गार पडलेलं बाळ सुस्तावतं, दूध ओढत नाही, ओढलं नाही की साखर आणखी उतरते, मग आणखी गार. घरचे म्हणतात नजर लागली, कोणी म्हणतं सटवाईनं असंच लिहिलंय. अहो, सटवाईनं काय लिहायचं ते लिहू द्या, आधी काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक, खाली गेलं की ऊब द्या, आणि ऊब देऊनही वर येत नसेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर दवाखाना.

आणि ती जन्मल्या-जन्मल्या आंघोळ! एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी (खाण्यातल्या किलोकॅलरी नव्हेत) लागतात. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी बाळाच्या अंगावरून उडालं आणि सगळी उष्णता त्याच्याच अंगातून गेली असं धरलं तर दोन किलोच्या बाळाचं तापमान जवळपास तीन अंशांनी उतरेल. म्हणून पुसून कोरडं करा, पहिले २४ तास आंघोळ नको. चिकही, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, फेकू नका.

पेटीला पर्याय १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात एडगर रे या डॉक्टरनं काढला, तोही पेट्या कमी पडत होत्या म्हणूनच. बाळाला नुसता लंगोट, टोपी, मोजे, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, मान एका बाजूला, वरून कापड घट्ट. कांगारू मदर केअर. गंमत म्हणजे आईची छाती बाळाप्रमाणं गरम-गार होते. जुळ्यांवरच्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही स्तनांचं तापमान आपापल्या बाळानुसार वेगवेगळं बदलताना दिसलं, म्हणजे थर्मोस्टॅट दोन! २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच छातीवर घेतलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के दगावली, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना बाळाला रोज ८ ते २४ तास असं छातीवर ठेवायला सांगते.

२४ तास, म्हणजे आईनं एकटीनं? ती बाळंतीण आहे, झोपायचं कधी? तिथंच, त्या पायथ्याच्या घरात, आशाताईंनी (गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं) बाळाच्या बापाला शर्ट काढायला लावला. तो लाजून दाराकडं बघायला लागला, आजी पदर तोंडाला लावून हसली. लुगड्यानं बांधलं दोघांना. तासाभरानं काखेत ३६.७, आणि बाप भिंतीला टेकून बसल्या-बसल्या घोरत होता.