मुलीला एआय शाखा मिळतेय? फी माफीची तयारी एप्रिलमध्येच करा

बारावीला मार्क चांगले, सीईटीचा स्कोअरही बरा. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स’ला नंबर लागेल असं दिसतंय, पण घरात एकच सूर असतो: "एवढी फी कुठून भरायची? साधं बीएस्सी कर." दिघा, रबाळे, कळवा भागात मुलींचे फॉर्म भरून देताना हे मी दर जूनमध्ये ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. कारण जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलंय.

ही सवलत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना आहे. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. एससी, एसटीच्या मुलींसाठी त्याच पोर्टलवर वेगळ्या योजना आहेत. डेव्हलपमेंट फी यात येत नाही, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतला, तर माफी गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. नवी मुंबईत अशी विद्यापीठं आहेत, त्यामुळे ऑप्शन फॉर्म (पसंतीच्या कॉलेजांची यादी) भरण्याआधी कॉलेज कशाखाली येतं ते विचारून घ्या. भावासाठी विचारत असाल तर कॅपच्या अर्जातच टीएफडब्ल्यूएसला (शिक्षण शुल्क माफी योजनेला) ‘हो’ म्हणा. या ५ टक्के जादा जागांवर शिक्षण शुल्क लागत नाही, मर्यादा तीच ८ लाखांची. नंतर सांगून ही जागा मिळत नाही.

आता दाखले. खरी धावपळ इथेच होते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते, तर खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. खारघरचे पालक ठाण्याला हेलपाटा मारून परत आलेले मी पाहिलेत. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. वडील नोकरीला असतील तर पगाराचा दाखला किंवा फॉर्म १६ जोडा. रिक्षा, नाका कामगार, घरकाम असेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि वेळ तिथेच जातो. म्हणून एप्रिल उजाडला की मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नासाठी अर्ज टाका. प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर कुणी मागितला तर देऊ नका. २०२५ पासून साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतं. ओबीसी, एसईबीसीला जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) हवं. त्याची मुदत बघून घ्या.

शिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट.

प्रवेशानंतर महाडीबीटीवर आधारने नोंदणी करायची. गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज आठवडाभर अडला, कारण आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा होता. ओटीपी येणार कुठे? सेंटरवर नंबर बदलला, तर पुढे बँक खातं आधारशी सीड नव्हतं, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) आधारला जोडलेलं नव्हतं. नुसती केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं असावं आणि बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट सांगून फॉर्म द्यावा.

अर्ज आधी कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर तपासला जातो, मग विभागाकडे जातो. स्कॅन पुसट असला तरी तो ‘सेंड बॅक’ होतो आणि दुरुस्ती मुदतीतच करावी लागते. त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघा. दुसऱ्या वर्षापासून त्याच आयडीवर नूतनीकरण करायचं, तेव्हा पासवर्ड वहीत लिहून ठेवा.