पुरणयंत्रातून बाळाचा घास : आमच्या ग्राहकांसाठी

हे पत्रक पुरणपोळीसाठी नाही. होळीला आणि पोळ्याला पुरणयंत्र कसं चालवायचं ते तुमच्या घरात आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण दुकानात येणारे बरेच आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात: बाळाला सहा महिने होत आलेत, भाज्या-फळांच्या प्युरीसाठी कुठला मिक्सर घेऊ? आमचं उत्तर थोडं स्वार्थी वाटेल, तरी सांगतो. नवा मिक्सर घेऊ नका. या खोक्यातलं यंत्र त्या कामाला जास्त बरं.

मिक्सर सगळंच एकत्र वाटतो. साल, बिया, दोरे, काही बाजूला राहत नाही. शिवाय वाटीभर भाजीला त्याचं भांडं मोठं पडतं, पातं नुसतंच फिरत राहतं, मग आपण पाणी ओततो. बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्यानेच भरलं तर अन्नाला जागा उरत नाही. बटाटा आणि रताळं तर मिक्सरमध्ये डिंकासारखं चिकट होतं, कारण जोरात फिरल्याने त्यातला स्टार्च मोकळा सुटतो. पुरणयंत्रात शिजलेली भाजी जाळीतून नुसती दाबली जाते. साल-बिया वर राहतात, खाली दाट, मोकळा लगदा पडतो.

कधी सुरू करायचं

सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर. तोवर फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. बाळ मान नीट धरतं, आधाराने बसतं, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलत नाही, हे बघा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल, तर आमचं पत्रक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

उष्टावणाबद्दल एक सांगायलाच हवं. मामाच्या हातचा पहिला घास जरूर द्या, पण खिरीत साखर पडण्याआधी बाळाची वाटी वेगळी काढा. आणि मध बोटाला लावूनसुद्धा चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि घरी मध उकळल्याने ते बीजाणू मरत नाहीत. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं कधी कधी अवघड जातं. हा परिच्छेद त्यांना खुशाल वाचून दाखवा. वर्षभर मीठही नको.

लाल भोपळ्यापासून

आम्ही लाल भोपळा सुचवतो, कारण तो गोडसर असतो, पटकन शिजतो आणि बाजारात कायम मिळतो. भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा, बिया आणि आतला जाळीदार गाभा काढा, साल राहू दे. बोटाच्या पेराएवढ्या फोडी इडलीपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवा. वेगळा स्टीमर लागत नाही. सुरी सहज आरपार गेली की झालं. गाजराला पंधरा-वीस मिनिटं लागतात, बिटाला त्याहून जास्त. ही दोन्ही डाळ-भाताच्या कुकरमध्येच छोट्या डब्यात लावलीत तर गॅसही वाचतो. भाजी अर्धी कच्ची असेल तर हँडल जड जाईल आणि जाळीवर तुकडे नुसते गोल फिरत राहतील. अशा वेळी जोर लावू नका, परत वाफवा.

गरम असतानाच बारीक जाळीतून काढा. फार घट्ट वाटलं तर आईचं दूध किंवा उकळलेलं पाणी चमचाभर घाला. चमचा तिरका केला तर प्युरी त्यावरून ओघळून जाता कामा नये. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे. पुढे हळूहळू दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी. एका वेळी एकच नवी भाजी, दोन-तीन दिवस. म्हणजे अंगावर पुरळ आलं किंवा पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. बीट दिल्यावर लंगोट लालसर दिसला तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग.

दुधी भोपळा मात्र आधी स्वतः चाखायचा. कच्चा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतलं विष शिजवून जात नाही.

जाळी बदलायला विसरू नका

खोक्यात तीन जाळ्या आहेत त्या याचसाठी. बहुतेक घरांत बारीक जाळी एकदा बसते ती बसतेच, आणि दहा महिन्यांचं बाळही पातळ प्युरीच खात राहतं. मग ते पुढे भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं. चावायला शिकायचं एक वय असतं. साधारण सात महिन्यांना मधली जाळी लावा. आठ-नऊ महिन्यांना मोठी जाळी, किंवा एक दिवस यंत्र, एक दिवस नुसता चमच्याने कुस्करलेला घास. त्याच सुमारास मऊ शिजवलेलं गाजर किंवा रताळं बोटाएवढं लांब कापून हातात द्या, बाळाला ताठ बसवून, तुम्ही समोर बसून. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, तिखट-मीठ पडण्याआधी काढलेलं. तेव्हा हे यंत्र परत पुरणाला मोकळं होईल, आमची काही हरकत नाही.

फळं

केळ्याला यंत्र काढूच नका, वाटीत चमच्याने कुस्करा. पिकलेली पपईही तशीच. सफरचंद सालासकट वाफवून गाळा. कच्ची फोड घशात अडकू शकते. चिकूच्या बिया हाताने आधी काढायच्या, त्यांचं टोक आकड्यासारखं असतं. रायवळ आंब्याचे दोरे बारीक जाळीवर अडकतात. आणि पेरू! पिकलेला पेरू दोन मिनिटं वाफवून बारीक जाळीतून काढून बघा. एक बी खाली येत नाही. मिक्सरला हे जमत नाही.

फळांचा रस वर्षाच्या आत नको, घरी काढलेलाही. त्यात गोडी राहते आणि चोथा जातो.

नुसत्या प्युरीवर बाळ वाढत नाही

हे लिहिलं तर आमचं यंत्र कमी खपेल असं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. गर्भात साठलेलं लोह साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरतं, आणि आईच्या दुधात ते फार नसतं. भोपळा-सफरचंद कितीही दिलंत तरी ती तूट भरत नाही. त्यासाठी डाळ, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, खात असाल तर पूर्ण शिजलेलं अंडं, मासा, चिकन. आपल्याकडचं खिमट याला उत्तम आहे: तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरड दळायची, मऊ शिजवायची, त्यात भाजीची प्युरी आणि चमचाभर तूप. वरून लिंबाचे दोन थेंब. लोह अंगी लागायला त्याची मदत होते. शेंगदाण्याचं बारीक कूट खिमटात मिसळून चालतं, घरात कुणाला त्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत.

प्युरी बाटलीत भरून, निपलला मोठं भोक पाडून देणं हा प्रकार अजून दिसतो. कृपा करून वाटी-चमचाच वापरा.

उरलेलं

बाळाच्या वाटीत उष्टं राहिलेलं परत देऊ नका, चमच्याबरोबर लाळ त्यात गेलेली असते. म्हणून थोडंच वाढा. बाहेर ठेवलेली प्युरी दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याही आधी संपवा. फ्रिजमध्ये झाकून एक दिवस. नोकरीमुळे रोज जमत नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग ते चौकोन डब्यात काढून वर तारीख लिहा आणि महिन्याभरात वापरा. एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. गरम करताना वाफ येईपर्यंत करा आणि ढवळून, निववून द्या. पालक आणि बीट फ्रिजमध्येही ठेवू नका, ते ताजंच बरं. त्यातल्या नायट्रेटचं ठेवल्यावर नायट्राइट होत जातं, आणि ते लहान बाळाला बाधतं.

यंत्राची निगा

वापर झाल्याबरोबर यंत्र सुटं करून पाण्यात टाका. जाळी नेहमी खालच्या बाजूने घासा, म्हणजे भोकांत अडकलेलं ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर पडतं. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. बाळासाठी वापरत असाल तोवर त्यात तिखट वाटण गाळू नका. आजीच्या वेळचं पत्र्याचं यंत्र गंजलं असेल किंवा त्याची कल्हई गेली असेल, तर ते बाळाच्या कामाला घेऊ नका.

जाळी दबली, हँडल ढिलं झालं, तर सुटे भाग दुकानात मिळतात. येताना जुनी जाळी बरोबर आणा, मापं दोन आहेत.