थंडी आणि टंचाई : हिवाळ्याच्या तोंडावर मधपेटीला नेमके काय लागते?

हिवाळा जवळ आला की मधपेट्यांची काळजी कशी घ्यावी, याविषयी सहज हाती येणारे मार्गदर्शन बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या मधपाळांसाठी तयार झालेले असते. पेटी गुंडाळावी, दार अरुंद करावे, साखरेचा दाट पाक पाजावा आणि वसंतापर्यंत पेटी उघडू नये, असा त्याचा सारांश असतो. त्या प्रदेशांत हा सल्ला योग्यच आहे. मात्र त्यात दोन निरनिराळ्या संकटांवरचे उपाय एकत्र आलेले असतात. एक संकट थंडीचे आणि दुसरे टंचाईचे, म्हणजे फुलोरा नसल्यामुळे येणाऱ्या उपासमारीचे. थंड देशांत ही दोन्ही संकटे एकाच वेळी येतात, त्यामुळे ती एकच वाटतात. महाराष्ट्रात मात्र ती वेगवेगळ्या ऋतूंत येतात, आणि इथल्या नव्या मधपाळाचा गोंधळ नेमका इथेच होतो.

आधी थंडीकडे पाहू. तापमान साधारण १४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माश्या पोळ्यांवर एकमेकींना बिलगून घट्ट घोळका करतात. आतल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात, तर बाहेरच्या थरातल्या माश्या ती उष्णता आत धरून ठेवतात. पिल्ले असतील तर घोळक्याच्या मध्यभागी ३४-३५ अंश तापमान राखले जाते, आणि पिल्ले नसतील तर ते बरेच खाली येऊ दिले जाते. माश्या ऊब देतात ती स्वतःच्या घोळक्याला, सगळ्या पेटीला नव्हे. म्हणूनच पेटीभोवतीचे वेष्टन गोधडीसारखेच असते: ते ऊब टिकवते, निर्माण करत नाही. ऊब निर्माण होते ती मधातून. भरपूर मध आणि भरपूर माश्या असलेली वसाहत कडाक्याची थंडी सहज काढते, पण मूठभर माश्यांच्या वसाहतीला कितीही गुंडाळले तरी ती तग धरत नाही. अशी दुबळी वसाहत वेळीच दुसऱ्या वसाहतीत मिसळून टाकणे हा मला तिच्यावरचा सर्वांत दयाळू उपाय वाटतो.

थंडीपेक्षा तिच्यासोबत येणारी ओल अधिक घातक असते. एक किलो साखर माश्यांच्या शरीरात जळली की अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी तयार होते. ही वाफ वर जाऊन गार झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन साचते आणि थेंबाथेंबाने घोळक्यावर पडते. कोरडी माशी थंडीला तोंड देऊ शकते, भिजलेली देऊ शकत नाही. त्यामुळे पेटी चहूबाजूंनी हवाबंद करण्यापेक्षा झाकणाखाली ओल शोषणारे कोरडे आच्छादन घालणे आणि वाफ बाहेर पडायला वाट ठेवणे महत्त्वाचे ठरते.

थंडी आणि टंचाई एकत्र येतात तो आपल्या देशातला ठळक प्रदेश म्हणजे काश्मीरचे खोरे. तिथे स्थानिक मधमाश्या मातीच्या घरांच्या जाड भिंतींतल्या कोनाड्यांत पाळण्याची जुनी पद्धत आहे. घराची भिंतच त्यांचे वेष्टन होते. सोलाई नावाच्या रानझुडपाचा फुलोरा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मिळतो, त्यानंतर पांपोरच्या परिसरात केशर फुलते, आणि मग पुढचे कित्येक महिने माशीला बाहेर काहीही मिळत नाही. २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलाँ’ हा ४० दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. म्हणून तिथला मधपाळ शरदातच मधाचा साठा तपासतो, कमी असेल तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट पाक देतो, पेटीभोवती भाताचा पेंढा भरतो, उंदीर शिरू नयेत म्हणून दार अरुंद करतो आणि भर हिवाळ्यात पेटी उघडत नाही. एरवी साधारण सहा आठवडे जगणारी कामकरी माशी हिवाळ्यासाठी जन्मलेली असेल तर पाच-सहा महिने जगू शकते, पण त्यासाठी ती पिल्लू असताना वसाहतीला भरपूर पराग मिळालेला असावा लागतो आणि माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या बारीक परजीवी कोळ्यांचा उपद्रव आटोक्यात असावा लागतो. त्या माश्या जन्मून गेल्यावर केलेला उपचार उशिराचा असतो.

साठा नुसता असून भागत नाही, तो घोळक्याला लागून असावा लागतो. कडक थंडीत घोळका सहजासहजी बाजूला सरकू शकत नाही, आणि दोन-तीन चौकटी पलीकडे मधाने भरलेले पोळे असतानाही माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या आढळतात. हा मृत्यू थंडीचा वाटतो, पण तो उपासमारीचा असतो.

आता सह्याद्रीकडे येऊ. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, आणि फुललेल्या फुलांतले मकरंद व पराग पावसात वाहून जातात. आपली खरी टंचाई ही. सातेरी ही आपली देशी पाळीव माशी मेलिफेरा या युरोपीय माशीइतका मोठा साठा करत नाही, आणि उपासमार असह्य झाली की ती पेटी सोडून निघून जाते. रिकाम्या राहिलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. त्यामुळे थंड देशांतला मधपाळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे करतो, त्यातले बरेचसे आपण मे महिन्याच्या अखेरीस करायला हवे: वसाहतीसाठी पुरेसा मध मागे ठेवणे, दुबळ्या वसाहती एकत्र करणे, माश्यांनी न झाकलेली जादा पोळी काढून घेणे, छप्पर गळत नाही हे पाहणे आणि पाणी आत साचू नये म्हणून पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवणे.

पाक देताना गूळ कधीही वापरू नये. त्यातले न पचणारे घटक माशीच्या आतड्यात साठतात. निरोगी माशी पेटीत विष्ठा टाकत नाही, त्यासाठी ती बाहेर उडते. हिम असो वा पाऊस, ती कोंडून पडली की तिला हगवण लागते.

महाराष्ट्रातल्या हिवाळ्याचे चित्र मात्र वेगळे आहे. निफाडला पारा बराच खाली जातो आणि वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दवही गोठते, परंतु दुपारी ऊन पडते आणि माश्या कामाला लागतात. कारळ्यापाठोपाठ तूर, पुढे करडई, धने आणि बियाण्याचा कांदा असा फुलोरा मिळत राहतो. पिल्ले वाढतात, वसाहत भरते. या दिवसांत पेटी पेंढ्यात गुंडाळली तर माश्यांपेक्षा मुंग्यांनाच आसरा मिळतो. सकाळचे ऊन लवकर मिळेल अशी पूर्वाभिमुख जागा, पावसाळ्यासाठी बांधलेला आडोसा काढणे आणि वाढत्या वसाहतीला रिकामी पोळी देणे, हे इथे अधिक उपयोगाचे आहे. फुलोऱ्यात खंड पडलाच तर समान साखर-पाण्याचा पातळ पाक संध्याकाळी, पेटीच्या आत आणि थोडा थोडा द्यावा. दाट पाक साठवला जातो, तर पातळ पाक राणीच्या अंडी घालण्याला चालना देतो. वर मधकोठी, म्हणजे मध साठवण्याचा वरचा कप्पा, चढवलेली असेल तर मात्र कोणताच पाक देऊ नये, कारण तो मधात मिसळतो आणि तो मध शुद्ध म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

मेलिफेराच्या पेट्या घेऊन राजस्थानच्या मोहरीकडे जाणाऱ्या मधपाळांना आणखी वेगळी स्थिती सांभाळावी लागते: रात्री कडक थंडी, सकाळी धुके, आणि दिवसभर शेतेच्या शेते फुललेली. तिथे थंडी आहे, टंचाई नाही. रात्रीपुरते दार अरुंद करणे आणि पेटी उशिरा, ऊन चढल्यावरच उघडणे एवढे थंडीसाठी पुरते. बाकी सगळे लक्ष जागा देण्यावर आणि मध वेळेवर काढण्यावर असावे. मोहरी संपत आली की मात्र पेट्या मागच्या बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा आणि पिल्ले असलेल्या खालच्या कोठीतला मध काढू नये, कारण पुढच्या फुलोऱ्यापर्यंतच्या प्रवासात माश्यांना त्याच साठ्यावर राहायचे असते.