पहिला गोल मुलीचाच का? एका नियमाची पार्श्वभूमी

मुलं-मुली एकत्र खेळतात अशा रस्त्यावरच्या फुटबॉलमध्ये पहिला गोल मुलीनेच करायचा, असा एक नियम आहे. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली फुटबॉलचं नाव ओघाने येतं. ही सांगड फार जुनी नाही. त्याआधीची कित्येक वर्षं मुलींना मैदानाबाहेर ठेवण्यातच गेली. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये कारखान्यातल्या मुलींचा सामना पाहायला ५३ हजार लोक जमले होते. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, हा खेळ बायकांना योग्य नाही म्हणत, आपल्या क्लबांची मैदानं त्यांना द्यायला मनाई केली. ती सुमारे ५० वर्षं टिकली. ब्राझीलमधली बंदी १९४१ पासून १९७९ पर्यंत होती.

अमेरिकेत १९७२ साली शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता, तरी शाळा-कॉलेजांची मैदानं मुलींना मिळाली ती त्याच्याच जोरावर. खेळातून मुलगी शिक्षणाकडे यावी, हा विचार नव्वदच्या दशकात मूळ धरू लागला.

आणि तिथेच ‘पहिला गोल मुलीचा’ हा नियम भेटतो. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या एका बचावपटूकडून स्वयंगोल झाला, म्हणजे चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेदेयिन शहरात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये, टोळ्यांच्या वाटेवरच्या पोरांसाठी रस्त्यावरचं फुटबॉल सुरू झालं. त्यात पंच नाही. सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, नंतर पुन्हा बसून ते पाळले का ते बोलायचं. संघात मुली हव्यातच, आणि पहिला गोल मुलीने केला पाहिजे.

आज हा नियम समतेचा म्हणून जगभर नेला जातो. पण मुली तिथे आणल्या गेल्या त्या मुख्यतः मुलांची मारामारी आटोक्यात यावी म्हणून. त्यांच्या हक्काचा विचार नंतरचा. हे विसरलं की नियमातली गोम लक्षात येत नाही. असा सामना कडेला उभं राहून पाहावा. सुरुवातीला मुलं चेंडू मुलीच्या पायाशी आणून ठेवतात, गोलसमोर वाट मोकळी करून देतात. गोल होतो, टाळ्या पडतात. त्यानंतर ती हात वर करून पास मागत राहते आणि चेंडू मुलांमध्येच फिरतो. नियमाच्या बाजूचे म्हणतात, जिला कधीच पास मिळाला नव्हता तिला निदान एकदा तरी मिळाला, आणि तिच्याकडे बघून खेळायची मुलांना सवय लागली. ते खोटं नाही. तरी मला आक्षेप जास्त वजनदार वाटतो: सवलतीचा गोल मुलीला खेळाडू करत नाही.

म्हणून पुढे अनेक ठिकाणी मुलींचे वेगळे गट निघाले. त्यांना प्रशिक्षिका, सरावानंतर तिथेच अभ्यास, मासिक पाळी आणि लवकर होणारी लग्नं यांवर मोकळं बोलणं. काहींनी शाळेतल्या हजेरीची अट घातली. हजेरी नाही तर सामना नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेल्या मुलीची मग शाळाही बुडते आणि खेळही. ही अट मला कधीच पटलेली नाही.

२००३ मध्ये जगातल्या देशांनी ठराव करून खेळाला शिक्षण, आरोग्य, विकास आणि शांततेचं साधन म्हटलं. पण खेळाचे नियम करणाऱ्यांनी २००७ मध्ये कॅनडातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला हिजाबमुळे बाहेर काढण्याचा पंचाचा निर्णय उचलून धरला. २०११ च्या जूनमध्ये इराणच्या महिला संघाला त्याच कारणावरून जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना खेळता आला नाही. डोकं झाकून खेळायला रीतसर परवानगी मिळाली ती २०१४ च्या मार्चमध्ये. २००७ साली जी अकरा वर्षांची होती, ती तोवर अठराच्या आसपास पोचली होती.