एआय कोडिंग सहायकाचा प्लॅन: ठोक दरापासून टोकनच्या मीटरपर्यंत

एआय कोडिंग सहायकांच्या दरपत्रकात (कोड लिहायला मदत करणारी एआय साधने) २०, १०० आणि २०० डॉलर हे आकडे बऱ्याच ठिकाणी सारखेच दिसतात. त्या पैशांत काय मोजून मिळते ते मात्र कंपनीगणिक वेगळे असते आणि गेल्या चार वर्षांत अनेकदा बदलले आहे. आधी महिन्याचा ठोक दर होता, मग रिक्वेस्टची, म्हणजे साधनाला केलेल्या प्रत्येक विचारणेची, मोजणी आली, मग थेट टोकनचे, म्हणजे मॉडेल वाचते-लिहिते त्या मजकुराच्या लहान तुकड्यांचे, पैसे. हा प्रवास का झाला ते कळले की आजचे प्लॅन वाचणे बरेच सोपे जाते.

सुरुवातीला प्रश्न वेगळाच होता: प्रोग्रामर अशा साधनासाठी स्वतःच्या खिशातून पैसे देईल का? २०१४ मध्ये सुरू झालेल्या काइट या कंपनीचे, कोडची पुढची ओळ सुचवणारे ऑटोकम्प्लीट महिन्याला सुमारे पाच लाख डेव्हलपर वापरत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थापकांनी काम थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा दिलेले एक कारण हेच होते की वापरणारे भरपूर, पैसे देणारे नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबच्या कोपायलट या सहायकाने त्याच वर्षी याचे उलट उत्तर मिळवले. जून २०२१ मध्ये तो मोजक्या लोकांसाठी आला आणि २१ जून २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला. दर महिन्याला १० डॉलर किंवा वर्षाला १०० डॉलर होता. पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांना आणि लोकप्रिय मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्यांना तो फुकट होता. कंपन्यांसाठी माणशी १९ डॉलरचा प्लॅन डिसेंबर २०२२ मध्ये आला. अॅमेझॉनने एप्रिल २०२३ मध्ये आपला कोडव्हिस्परर हा सहायक व्यक्तिगत वापरासाठी फुकट दिला आणि कंपन्यांसाठी तोच १९ डॉलरचा आकडा ठेवला.

ठोक दर परवडण्याचे गणित साधे होते. ओळ पूर्ण करून देणारे मॉडेल लहान असते, त्याला कर्सरच्या आजूबाजूचा थोडाच मजकूर लागतो आणि उत्तर दोन-चार ओळींचे असते. तरीही १० डॉलरच्या ग्राहकामागे मायक्रोसॉफ्टला महिन्याला सरासरी २० डॉलरचा तोटा होत असल्याची बातमी ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दिली होती. म्हणजे हा दर सुरुवातीपासूनच ग्राहक जमवण्यासाठी असावा.

खरा फरक पडला तो एजंट आल्यावर. एजंट एका सूचनेवर फाइल्स शोधतो, वाचतो, बदलतो, चाचण्या चालवतो, अपयश आले की पुन्हा बदलतो. यातल्या प्रत्येक पायरीला आतापर्यंतचा सगळा संदर्भ, म्हणजे आधीचे संभाषण आणि वाचलेल्या फाइल्स, मॉडेलकडे पुन्हा जातो. समजा एका कामाला २५ पायऱ्या लागल्या आणि संदर्भ सरासरी ४०,००० टोकनचा होता, तर इनपुटच १० लाख टोकन झाले. अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड सॉनेट ४ या मॉडेलचा एपीआय दर (सदस्यत्वाशिवाय, प्रोग्राममधून थेट मॉडेल वापरण्याचा दर) दहा लाख इनपुट टोकनला ३ डॉलर आणि तेवढ्याच आउटपुटला १५ डॉलर होता. कॅश (आधी पाठवलेल्या मजकुराची तात्पुरती साठवण) नसेल तर या एका कामाचे तीन डॉलरहून थोडे अधिक होतात, आणि अशी सहा-सात कामे झाली की महिन्याचे २० डॉलर संपले. कॅशमधून वाचलेल्या टोकनला मूळ दराच्या दहावा हिस्साच पडतो, त्यामुळे संदर्भाचा बहुतांश भाग कॅशमधून आला तर तेच काम पाऊण डॉलरच्या आत बसते. अँथ्रॉपिकच्या एपीआयवर ही कॅश नेहमीच्या सेटिंगमध्ये पाचच मिनिटे टिकते. मध्येच उठून जेवून आल्यावर त्याच लांबलचक संभाषणात पुढची सूचना दिली, तर सगळा संदर्भ पुन्हा पूर्ण दराने, खरे तर कॅशमध्ये लिहिण्याच्या सव्वापट दराने, भरला जातो. नव्या कामासाठी नवे सत्र उघडणे स्वस्त पडते ते यामुळे. (सूचना मराठीत लिहिल्या तर देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात हे खरे, पण खर्चाचा मोठा वाटा कोडच्या संदर्भाचा असल्याने त्याची फार फिकीर करायचे कारण नाही.)

हे गणित ठोक दरात बसेना, म्हणून २०२५ हे वर्ष नियम बदलण्याचे ठरले.

कर्सर या एआय कोड एडिटरच्या २० डॉलरच्या प्रो प्लॅनमध्ये आधी ५०० जलद रिक्वेस्ट मिळत, म्हणजे एकीला चार सेंट. १६ जून २०२५ पासून त्याऐवजी मॉडेलच्या एपीआय दराने २० डॉलरचा वापर मिळू लागला. पाचशेच्या हिशेबाने काम करणाऱ्यांचा कोटा महागड्या मॉडेलवर काही दिवसांतच संपला आणि वर अनपेक्षित बिले आली. ४ जुलैला कंपनीने बदल नीट समजावला नाही म्हणून माफी मागितली आणि मधल्या काळातले असे पैसे परत देण्याची तयारी दाखवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा इथे आहे: किंमत २० डॉलरच राहिली, फक्त माप बदलले.

कोपायलटने रिक्वेस्टचे माप ठेवले, पण त्याला गुणक लावला. जून २०२५ पासून १० डॉलरच्या प्रो प्लॅनला महिन्याला ३०० प्रीमियम रिक्वेस्ट आणि ३९ डॉलरच्या प्रो प्लसला १,५०० अशी मर्यादा लागू झाली. त्यावर प्रत्येकी चार सेंट. जीपीटी-४.१ सारख्या मूळ मॉडेलचा गुणक शून्य होता, क्लॉड सॉनेट ४ चा एक, ओपस ४ चा दहा. म्हणजे ओपसवर ३०० चे ३० झाले. इथे एक खुबी होती. एजंट मोडमध्ये तुम्ही लिहिलेली सूचना तेवढी मोजली जायची, एजंटने आतून घेतलेल्या पायऱ्या नाहीत. त्यामुळे नीट विचार करून लिहिलेले एक मोठे काम इथे फार स्वस्त पडे, तर ‘हो’, ‘चालू ठेव’ अशी तुटक उत्तरे कोटा खाऊन टाकत. टोकनवर मोजणाऱ्या साधनात नेमके उलटे होते.

अँथ्रॉपिकने तिसरा मार्ग धरला. क्लॉड कोड हा तिचा कोडिंग एजंट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा फक्त एपीआयच्या बिलावर चाले. त्याच वर्षी मे महिन्यात तो १०० आणि २०० डॉलरच्या मॅक्स प्लॅनमध्ये आणि जूनमध्ये २० डॉलरच्या प्रोमध्ये सामील झाला. मर्यादा पाच तासांच्या खिडकीने मोजली जाते, म्हणजे दर पाच तासांना ठरावीक वापर मिळतो. काहींनी तो दिवसरात्र चालवत ठेवल्यावर २८ ऑगस्ट २०२५ पासून आठवड्याची मर्यादाही आली. वेबवरच्या क्लॉडशी केलेल्या गप्पा आणि क्लॉड कोड यांचा कोटा एकच असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणखी एक नेहमीचा घोटाळा: संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम वाचू शकतील अशा साठवलेल्या सेटिंगमध्ये) जुनी एपीआय की, म्हणजे एपीआय खात्याचा गुप्त संकेत, राहिलेली असते, साधन तीच उचलते, आणि सदस्यत्व असूनही बिल वेगळे फाटते. पहिल्याच दिवशी स्टेटस कमांड देऊन आपण कोणत्या खात्यावर आहोत ते पाहावे.

ऑगस्ट २०२५ मध्येच अँथ्रॉपिकने फ्री, प्रो आणि मॅक्सच्या ग्राहकांना एक निवड करायला सांगितली: आपल्या संभाषणांचा उपयोग मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी होऊ द्यायचा की नाही. होकार दिल्यास माहिती पाच वर्षे राहते, नकार दिल्यास तीस दिवस. क्लॉड कोडची सत्रेही यात धरली आहेत. व्यावसायिक प्लॅन आणि एपीआय यातून बाहेर आहेत. ग्राहकाचा कोड गोपनीयतेच्या करारावर हाताळणाऱ्या पुण्यातल्या फ्रीलान्सरने दराच्या आधी हे सेटिंग बघावे.

भारतातून पैसे भरण्याचा भाग वेगळाच. डॉलर ८८ रुपये धरला तर २० डॉलरचे १,७६० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,०७७, आणि कार्डावर ३.५ टक्के परकीय चलन शुल्क व त्या शुल्कावरचा जीएसटी मिळून सुमारे २,१६३ रुपये. तुमच्याकडे जीएसटी क्रमांक असेल तर तो बिलिंगमध्ये आधीच भरावा. मग कंपनी कर लावत नाही, तुम्ही तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे स्वतःच सरकारकडे, भरून नियमांत बसेल तसे क्रेडिट घेता.

रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे कार्डावरून दर वेळी आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचा, नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तेव्हा ओटीपीशिवाय आपोआप कापून घेण्याची मर्यादा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे असते. १०० डॉलरचा प्लॅन करासकट साधारण १०,४०० रुपयांचा, म्हणून मर्यादेत बसतो. २०० डॉलरचा २०,७०० च्या वर जातो, तिथे दर महिन्याला ओटीपी लागतो. बँकेकडे मँडेटची नोंदच झाली नसेल तर दुसऱ्या महिन्याचा व्यवहार सरळ नाकारला जातो आणि काम ऐन मध्यावर बंद पडते. कार्डावरचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का हेही बँकेच्या अॅपमध्ये पाहावे.

फुकटचे पर्यायही याच काळात वाढले. कोपायलटने डिसेंबर २०२४ मध्ये महिन्याला २,००० कम्प्लीशन (ओळ पूर्ण करून देणे) आणि ५० चॅट संदेश फुकट दिले. गूगलने जून २०२५ मध्ये जेमिनी सीएलआय हे टर्मिनलमधून चालणारे साधन आणले तेव्हा दिवसाला १,००० रिक्वेस्टची मुभा होती. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी ३९९ रुपयांचा चॅटजीपीटी गो काढला, यूपीआयसह, आणि नोव्हेंबरपासून तो वर्षभर फुकट देऊ केला. पण ओपनएआयचा कोडेक्स हा कोडिंग एजंट तेव्हा चॅटजीपीटी प्लस आणि त्यावरच्या प्लॅनमध्येच होता.

नियम इतक्या वेगाने बदलत असताना वर्षाचे पैसे आगाऊ भरून वाचणाऱ्या दहा-वीस टक्क्यांचा मोह टाळावा. एक महिन्याचा प्लॅन घ्यावा, अतिरिक्त खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवावी आणि पहिले दोन आठवडे वापराचे पान रोज पाहावे. कोटा वीस तारखेच्या आत संपत असेल तर वरचा प्लॅन घेण्याआधी हलक्या कामांसाठी स्वस्त मॉडेल लावून बघावे. सदस्यत्व आयफोनवरच्या अॅपमधून घेतले असेल तर ते अॅपलच्या सेटिंगमधूनच रद्द करावे लागते; नुसते अॅप काढून टाकले तरी पैसे कापले जातच राहतात.