बॉम्ब 'जिवंत' व्हायचा वेळ आणि 'फुटायचा' वेळ: दोन्ही डिलेच, पण एक नव्हे

फॉकलंडच्या लढाईचा (१९८२ मध्ये फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले ती) विषय निघाला की "अर्जेंटिनाच्या बॉम्बचे फ्यूज खराब होते" हे कुणीतरी म्हणतंच, आणि मला ते दरवेळी खटकतं, कारण त्यात दोन वेगळ्या वेळांची सरमिसळ झालेली असते. (फ्यूज म्हणजे घरातला उडतो तो नव्हे, बॉम्बला कधी फुटायचं ते ठरवणारा भाग.)

पहिला वेळ आर्मिंगचा, म्हणजे बॉम्ब जिवंत व्हायचा. विमानाखाली लटकलेला बॉम्ब जिवंत नसतो. जुन्या बऱ्याच फ्यूजवर एक छोटा पंखा असायचा आणि तो फिरू नये म्हणून त्यात तार अडकवलेली. बॉम्ब सुटला की तार विमानाकडेच राहते, पंखा वाऱ्याने गरगर फिरतो आणि ठरलेले फेरे झाले की मगच फ्यूज जिवंत होतो, त्याआधी बॉम्ब कशावर आदळला तरी सहसा फुटत नाही. हे सगळं आपल्याच विमानाला जपण्यासाठी, आणि विमानवाहू जहाजासाठी तर फारच गरजेचं, कारण तिथे विमान डेकवर दणकन उतरतं, आणि सुटायचा राहिलेला बॉम्ब त्या हिसक्याने खाली पडला तर काय होईल विचार करा.

दुसरा डिले आदळल्यानंतरचा. पहिल्याचं घड्याळ बॉम्ब सुटल्यावर चालू होतं, याचं निशाण्याला लागल्यावर. १९४२ मध्ये मिडवेला, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिका-जपान लढाईत, अमेरिकन नेव्हीच्या डाइव्ह बॉम्बर्सच्या (वरून सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या) बॉम्बला सेकंदाच्या शंभराव्या भागाचा डिले असायचा, ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात बॉम्ब लाकडी डेक फोडून खालच्या हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या जागेत) पोचतो. जपानी विमानवाहू जहाज 'अकागी'ला तसाच बॉम्ब लागला, आत विमानं आणि दारूगोळा होता, पुढे जहाज गेलंच. पर्ल हार्बरला अमेरिकन युद्धनौका 'अ‍ॅरिझोना'वर पडलेला जपानी बॉम्ब तर मुळात युद्धनौकेच्या तोफेचा गोळा होता, ८०० किलोचा, तो आत घुसला आणि पुढचं दारूगोळ्याचं कोठार उडालं, जहाजावरचे ११७७ लोक गेले.

मिडवेलाच आर्मिंगच्या बाजूनेही गडबड झाली. अमेरिकन विमानवाहू जहाज 'यॉर्कटाउन'च्या डाइव्ह बॉम्बर स्क्वाड्रनला (विमानांच्या तुकडीला) बॉम्ब जिवंत करायचं नवं इलेक्ट्रिक बटण बसवलं होतं, पायलटनी ते दाबलं आणि बॉम्ब जिवंत व्हायच्याऐवजी सरळ समुद्रात पडले, १७ पैकी चार विमानांचे, त्यात स्क्वाड्रनचा प्रमुख मॅक्स लेस्लीचाही. तरी तो बॉम्बशिवाय जपानी विमानवाहू 'सोर्यू'वर झेपावला, नुसत्या मशीनगन घेऊन. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता १९८२. ब्रिटिश जहाजांच्या मिसाइलपासून वाचायला अर्जेंटिनाचे पायलट अगदी पाण्याला लागून यायचे, मग बॉम्ब हवेत राहणार किती वेळ? पंख्याचे फेरे पुरे व्हायच्या आत तो जहाजात शिरलेला असायचा. २१ मेला ब्रिटिश जहाज 'आर्गोनॉट'मध्ये दोन बॉम्ब घुसून तसेच पडून राहिले. म्हणजे बऱ्याच वेळा फ्यूजने त्याला सांगितलेलं तेच केलं, सेटिंग जास्त उंचीवरून टाकण्याचं होतं आणि पायलट खालून येत होते. पण बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, कारण आदळल्यानंतरचा डिले जास्त असला तरी बॉम्ब पातळ पत्र्याच्या जहाजातून आरपार जाऊन पलीकडे फुटू शकतो. १२ मेला 'ग्लासगो'मधून एक असाच न फुटता आरपार गेला.

यावर खरा उपाय अर्जेंटिनाच्या नेव्हीच्या स्कायहॉक विमानांकडे होता, स्नेकआय बॉम्ब. सुटल्यावर त्याच्या शेपटीची चार पाती छत्रीसारखी उघडतात, बॉम्ब मागे रेंगाळतो, त्यामुळे जिवंत व्हायला वेळ मिळतो आणि विमानही लांब निघून जातं. २१ मेला 'आर्डेंट'वर हेच बॉम्ब वापरले गेले, जहाजावरचे २२ जण गेले आणि दुसऱ्या दिवशी ते बुडालं.

आणि न फुटलेला बॉम्ब म्हणजे मेलेला बॉम्ब, असंही समजू नका. 'अँटेलोप'मध्ये २३ मेला असे दोन बॉम्ब अडकले होते, त्यातला एक निकामी करताना फुटला, ते काम करणारा एक जण जागीच गेला आणि दुसऱ्या दिवशी जहाज दोन तुकडे होऊन बुडालं.