ओकच्या फांदीवर राखणीला बसलेली आई

अमेरिकेत ओकच्या बारीक फांद्यांवर वसंतात काही किडे एकामागोमाग एक, दाटीवाटीने बसलेले दिसतात. राखाडी-निळसर अंग, त्यावर लांब तांबडे पट्टे, लाल डोळे. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. हा ओक ट्रीहॉपर, शास्त्रीय नाव प्लॅटिकॉटिस व्हिटाटा. आपल्या शेतातल्या तुडतुड्यांचा हा नातलग, त्यांच्यासारखाच सोंडेने झाडाचा रस शोषणारा. काहींना पुढे झुकलेलं शिंग असतं, काहींना नसतं, पण जात एकच. हे शिंग डोक्यामागच्या कवचातून फुटतं.

मला या किड्याच्या रंगरूपापेक्षा त्याच्या मादीचं वागणं जास्त थक्क करतं. बहुतेक कीटक अंडी घालून निघून जातात. ही मादी कोवळ्या फांदीच्या सालीला चिरा पाडून त्यांत अंडी घालते आणि तिथेच थांबते. पिल्लं बाहेर पडली तरी हलत नाही. ती मोठी होईपर्यंत त्यांच्याजवळच असते. काळ्या अंगावर पिवळ्या-लाल खुणा असलेली ही पिल्लं फांदीला चिकटून रस पितात.

आपल्याकडे बाभळीवर याच कुळातले ऑक्सिरेकिस नावाचे किडे आढळतात. त्यांच्याभोवती मुंग्यांची वर्दळ असते, कारण गोड स्रावाच्या बदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. ओकवर हे काम आई स्वतः करते.

आईला धोका कळतो कसा? याचा सखोल अभ्यास झाला तो फ्लोरिडापासून दक्षिणेकडे आढळणाऱ्या अंबोनिया क्रासिकॉर्निस या दुसऱ्या ट्रीहॉपरवर. मिसूरी विद्यापीठातल्या रेक्स कोक्रॉफ्ट यांनी दाखवून दिलं, की शत्रू जवळ येताच या किड्याची पिल्लं एकसाथ अंग थरथरवतात. ही कंपनं आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. ती फांदीतून आईपर्यंत पोचतात. मग ती शत्रूच्या अंगावर चालून जाते, पंख फडफडवते, लाथा मारते. संकट टळल्यावर आईही कंपनं सोडते आणि त्यामुळे पिल्लांचे खोटे इशारे कमी होतात. एवढ्याशा जिवांमधला हा संवाद विलक्षण आहे!

अंगणातल्या ओकवर असा थवा दिसला की माणसं घाबरतात, पण अंडी घालताना सालीला पडलेल्या चिरांपलीकडे झाडाला फारशी इजा होत नाही. फवारणीची गरज सहसा पडत नाही.